पेशवाईचे माप आणि मावशींचा पगार

वाचकाचे पत्र

आमच्याकडे गेली नऊ वर्षे धुणे-भांडी आणि केर-फरशीसाठी एक मावशी येतात. गेल्या महिन्यात त्यांनी पगार वाढवून मागितला आणि महिन्यातून दोन सुट्ट्या पगार न कापता मिळाव्यात, असेही सांगितले. माझे सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. इतिहासाचे त्यांचे वाचन दांडगे आहे. त्यांचे म्हणणे असे, की आजचा गरीब माणूस पूर्वीच्या राजापेक्षा चांगला जगतो. मावशींच्या घरी पंखा आहे, टीव्ही आहे, गॅस आहे, हातात स्मार्टफोन आहे. गेल्या वर्षी मावशींच्या मुलाला क्षयरोग झाला आणि सरकारी दवाखान्यातल्या मोफत गोळ्यांनी तो सहा महिन्यांत बरा झाला. "थोरले माधवराव पेशवे ज्या दुखण्याने गेले, त्या दुखण्यातून हिचा मुलगा फुकट उठला. मग हिला आणखी काय हवे?" असे अण्णांनी विचारले. त्यावर कॉलेजात शिकणारा माझा मुलगा तावातावाने म्हणाला, की पूर्वीचा गरीब आजच्यापेक्षा सुखी होता, गावात सगळे एकमेकांना धरून होते, लूट सुरू झाली ती अलीकडे. मी दोघांच्या मधे सापडले आहे आणि मावशींना अजून उत्तर दिलेले नाही. खरे कोणाचे धरावे? आणि अण्णांचा मान राखून त्यांच्याशी हे कसे बोलावे?

— एक वाचक, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पूर्वीच्या श्रीमंताच्या तुलनेत आजचा गरीब कसा जगतो, हा इतिहासाचा प्रश्न आहे. मावशींना किती पगार द्यावा, हा आपल्या घरचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नात अण्णा बऱ्याच अंशी बरोबर आहेत आणि ते त्यांना मोकळ्या मनाने सांगायला हवे. मात्र पहिल्याचे उत्तर त्यांनी दुसऱ्याला लावले, तिथे त्यांची गफलत झाली आहे. ती कशी, हे समजण्यासाठी त्यांनीच काढलेल्या क्षयरोगाच्या विषयावर जरा थांबावे लागेल, कारण त्यांनी दिलेले उदाहरण फार मोलाचे आहे.

आधी पेशव्यांचे घराणेच पाहू. पहिले बाजीराव 1740 साली नर्मदाकाठी रावेरखेडी येथे तापाने गेले, तेव्हा त्यांनी चाळिशीही पूर्ण केलेली नव्हती. नानासाहेब पानिपतानंतर काही महिन्यांतच, 1761 मध्ये, पर्वतीवर वारले; त्यांचे वय 40 होते. थोरले माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला गेले ते 27 व्या वर्षी. नारायणरावांचा 18 व्या वर्षी खून झाला आणि सवाई माधवराव 21 व्या वर्षी शनिवारवाड्यात वरून पडून गेले. खून आणि असा पडून आलेला मृत्यू बाजूला ठेवला, तरी ज्यांच्या शब्दावर हिंदुस्थानातली राज्ये हलत होती, त्या माणसांना साध्या तापातून किंवा खोकल्यातून वाचवील असे काहीही त्यांच्या खजिन्यात नव्हते. शहाजहानची बेगम मुमताज महल 1631 साली बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. तिच्या उशाशी साम्राज्यातले उत्तमोत्तम हकीम असणारच. युरोपातला त्या काळचा बहुधा सर्वांत धनवान माणूस, नेथन रॉथशिल्ड, 1836 मध्ये एका चिघळलेल्या गळवाने मेला. आज तेवढ्या दुखण्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळतात.

इंग्लंडातल्या सरदार घराण्यांच्या वंशावळी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा असे आढळले, की अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ड्यूकांच्या घरातली माणसे सामान्य प्रजेपेक्षा काही जास्त जगत नव्हती. अन्न त्यांना भरपूर होते, वाडे प्रशस्त होते. पण रोग कशाने होतो, हेच कोणाला ठाऊक नसल्याने पैशाने आयुष्य विकत घेता येत नव्हते. त्यानंतर देवी टोचण्यासारखे उपाय आले, ते आधी ऐपतवाल्यांकडे पोहोचले, आणि मग मात्र श्रीमंत-गरिबांच्या आयुर्मानात मोठे अंतर पडले. 2015 चे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी यावर बोट ठेवले आहे: नवे ज्ञान पहिल्यांदा विषमता वाढवते, आणि ते सर्वांपर्यंत नेण्याची व्यवस्था कोणी उभी केली तरच ती पुढे कमी होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण मावशींच्या मुलाची कहाणी याच दुसऱ्या टप्प्यातली आहे.

आता क्षयाकडे येऊ. माधवरावांचा राजयक्ष्मा वाढत गेला, वैद्य झाले, अनुष्ठाने झाली, शेवटी ते थेऊरच्या गणपतीपाशी जाऊन राहिले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, 1887 मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी याच रोगाने गेल्या. त्या अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या होत्या, वय 21, आणि त्यांच्या शास्त्राकडेही तेव्हा या रोगावर औषध नव्हते. आणखी जवळपास अर्ध्या शतकाने, 1936 मध्ये, कमला नेहरू स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे वारल्या. युरोपातली हवा आणि आरोग्यधामे हा त्या वेळचा सर्वांत महागडा उपाय होता, तो त्यांना मिळाला, आणि उपयोग झाला नाही. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 मधला. त्यानंतरही औषध महाग होते आणि रोग्याला आरोग्यधामात ठेवून उत्तम आहार व विश्रांती दिल्याशिवाय गुण येत नाही, अशी समजूत होती. भारतासारख्या देशात लाखो गरीब रोग्यांसाठी इतक्या खाटा आणायच्या कुठून?

या प्रश्नाचे उत्तर 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या संशोधनाने दिले, आणि माझ्या मते आपल्या देशाच्या इतिहासात त्याला मोठ्या लढाईइतके स्थान मिळायला हवे. शहरातल्या गरीब रोग्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरी राहूनच. घरच्या गटाला आहार कमी, विश्रांती कमी, हवा कोंदट. तरीही औषधे नीट घेतली तर गुण येण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. त्या निष्कर्षाने जगभरात क्षयाच्या उपचारांची दिशा बदलली. आज मावशींचा मुलगा महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणतो, सहा महिने घेतो आणि बरा होतो, त्याच्या मागे ही सगळी परंपरा उभी आहे.

तेव्हा अण्णांना आपण खुशाल सांगावे, की त्यांचे उदाहरण खरे आहे आणि ते ऐकून मन भरून येते. त्याबरोबर इतकेच विचारावे: तो मुलगा ज्यांच्यामुळे बरा झाला, त्यांत आपल्या घराने दिलेल्या पगाराचा वाटा किती? औषध शोधणारे वेगळे, ते सिद्ध करणारे वेगळे, ते सर्वांच्या करांतून विकत घेऊन फुकट वाटणारी व्यवस्था वेगळी. त्या करांत मावशींनी साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर भरलेला करही आहे. समाजाने जे सर्वांना दिले, त्याची वजावट एका घराने आपल्या मोलकरणीच्या पगारातून करावी, याला काही आधार नाही.

आणि फुकट गोळ्यांनी सगळे फुकट झाले, असेही नव्हे. दुखण्याच्या त्या सहा महिन्यांत मुलाची कमाई किती बुडाली, त्याला घेऊन दवाखान्यात जाताना मावशींचे किती खाडे झाले आणि त्यांपैकी किती घरांनी ते कापले, हे आपण त्यांना एकदा शांतपणे विचारावे. आपल्याच घराने कापले असतील, तर तेही त्यांच्याकडूनच कळेल. शिवाय क्षय होतो कोणाला, हे पाहणे महत्त्वाचे आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि या रोगाचा मुख्य भार कोंदट खोल्यांत राहणाऱ्या, पुरेसे न खाणाऱ्या माणसांवर पडतो. झारखंडमध्ये एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना काही महिने तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाले. कोणतीही नवी लस नाही, महाग औषध नाही. जादा तांदूळ आणि डाळ. माधवरावांना रोग झाल्यावर वाचवणे पेशव्यांच्या दौलतीला जमले नाही, ते आज गरिबाच्या बाबतीत जमते. पण रोग मुळात होऊच नये यासाठी लागणारी डाळ अजूनही पगारातूनच येते, आणि इथे आपल्या घराचा संबंध थेट येतो.

देशाचे आकडेही हीच दोन्ही अंगे दाखवतात. 1951 च्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आज ते 70 च्या जवळ आहे. तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे 146 पहिल्या वर्षातच दगावत. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला, महाराष्ट्रात 16 वर. ही प्रगती इतकी प्रचंड आहे, की तिच्याकडे पाठ फिरवणारा माणूस खऱ्या गोष्टीलाच नाकारतो. आणि याच देशात आजही सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरांमध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्याच्या दुपटीहून अधिक आहे. पूर्वी राजाचे मूल आणि कुणब्याचे मूल एकाच अज्ञानाने मरत होते. आज उपाय माहीत असतानाही गरिबाचे मूल जास्त मरते. ही दुसरी गोष्ट मला अधिक बोचते, कारण तिला अज्ञानाची सबब उरलेली नाही.

स्मार्टफोनचा मुद्दाही अण्णांनी काढला आहे. अडीचशे वर्षांपूर्वी ॲडम स्मिथने लिहून ठेवले आहे, की प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक लिननच्या कापडाचा सदरा नसतानाही सुखाने जगत असत, पण त्याच्या काळच्या युरोपात बहुतेक ठिकाणी मात्र तसा सदरा अंगात नसेल तर साध्या मजुरालाही चारचौघांत जायला लाज वाटे. गरज ठरते ती आजूबाजूच्या जगण्यावरून, हे त्याने ओळखले होते. मावशींच्या फोनकडे याच दृष्टीने पाहावे. रेशनकार्डाच्या पडताळणीचा ओटीपी फोनवर येतो, नातवाच्या शाळेचे निरोप व्हॉट्सॲपवर येतात, पगार फोनवरूनच जमा होतो आणि "आज पाहुणे आहेत, लवकर या" हा आपला निरोपही त्याच फोनवर जातो. पेशव्यांना फोन नव्हता आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. मावशींचे एक दिवससुद्धा अडेल.

आता आपल्या मुलाच्या म्हणण्याकडे वळतो. त्याच्या मनातली कणव खरी आहे, पण ज्या भूतकाळाची तो बाजू घेतो तो त्याने नीट पाहिलेला दिसत नाही. 1630 च्या दुष्काळात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि ते घर तर गावातले बरे, महाजनकी आणि वाण्याचा उदीम असलेले घर होते. 1802 मध्ये होळकरांच्या स्वारीनंतर पुणे आणि भोवतालचा मुलूख उजाड झाला आणि पाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. बलुतेदारीत कारागिराला पिकातला वाटा ठरलेला होता, हे खरे. पण त्याच व्यवस्थेत वेठ होती, म्हणजे वरून हुकूम आला की मोबदल्याविना राबणे होते. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून, जमिनीखालच्या नळातून, त्याला जागोजागी उच्छ्वास म्हणजे हवेसाठीची उभी तोंडे ठेवून, पुण्यातल्या हौदांपर्यंत पाणी आणले, ते काम आजही थक्क करणारे आहे. परंतु पाणी कोणी कुठे भरायचे, हे जातीवरून ठरत होते, आणि पेशवाई बुडून शंभर वर्षे उलटल्यावरही, 1927 मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. श्रीमंत घरातल्या स्त्रियांनाही त्या काळात सुरक्षितता होती असे समजू नये. थेऊरला माधवरावांच्या चितेवर रमाबाई सती गेल्या, आणि त्या तर खुद्द पेशव्यांच्या पत्नी, दौलतीतल्या मोठ्या मानाच्या स्त्री होत्या.

मुलाच्या म्हणण्यातला एक भाग मात्र मी उचलून धरीन. पूर्वीच्या गरिबाच्या हाती रोकड फारच थोडी असे, पण सरपण रानातून येई, गुरे गायरानात चरत, पाणी विहिरीवरचे, घर कुडाचे आणि स्वतःचे. आजच्या शहरातल्या गरिबाला खोलीचे भाडे, गॅस, वीज, प्रवास, कधी कधी पाणीसुद्धा, रोख पैसे मोजून घ्यावे लागते. म्हणून दोन काळांतली रुपयांतली मिळकत शेजारी ठेवून "केवढी वाढली" असे म्हणता येत नाही. त्या मिळकतीवर किती गोष्टींचा भार आहे, हेही मोजावे लागते.

श्रीमंतांच्या जुन्या सुखाकडेही जरा निरखून पाहावे, असे मला वाटते, कारण त्यात आपल्या प्रश्नाचा एक धागा आहे. शनिवारवाड्यात कारंजी होती, पलिते-मशाली होत्या, पंगती उठत होत्या, आणि यांतले एकही सुख माणसांच्या हातांशिवाय चालत नव्हते. पाणी वाहणारे, मशाली धरणारे, दळणारे, सारवणारे हात लागत. त्यांत कुणबिणीही होत्या, म्हणजे विकत घेतलेल्या किंवा धरून आणलेल्या बायका, ज्यांना पगार नव्हता आणि घर सोडून जाण्याची मुभाही नव्हती. आज मशालीच्या जागी विजेचा दिवा आला, जात्याच्या जागी गिरणी आली, पखालीच्या जागी नळ आला. आपल्या घरात त्या जुन्या व्यवस्थेतला एक भाग मात्र अजून तसाच आहे: खरकटी भांडी दुसरे कोणी घासते. फरक हा, की मावशी स्वतःच्या इच्छेने येतात, नको असेल तर काम सोडू शकतात, आणि समोर उभे राहून "पगार वाढवा" असे म्हणू शकतात. अण्णांना प्रगतीचा पुरावा हवा असेल, तर पंख्यापेक्षा आणि टीव्हीपेक्षा मोठा पुरावा मावशींनी ही मागणी केली, हाच आहे. ती धुडकावून लावणे म्हणजे ज्या बदलाचे कौतुक करायचे, त्याच्याच विरुद्ध वागणे होय.

शिवाय हे बदल आपोआप आलेले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. अण्णांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत जो रविवार उपभोगला, त्यामागे अशा मागण्यांचा मोठा इतिहास आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात माणसे भुकेने मोठ्या संख्येने मेली नाहीत, कारण लोकांनी काम मागितले आणि सरकारला ते द्यावे लागले. 1973 च्या मे महिन्यात जवळपास 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढत होती. त्यातूनच पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला. पुण्यातच 1980 साली मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि पगारवाढ, बोनस, सुट्टी हे शब्द घराघरांत पोहोचले. मावशी आज जे मागत आहेत, ते मागणाऱ्या त्या पहिल्या नाहीत.

अण्णांशी बोलताना मी आपल्या जागी असतो तर वादाला उत्तर देत बसलो नसतो. त्यांच्याच आवडीच्या मार्गाने गेलो असतो. इतिहासाचे अभ्यासक दोन काळांची तुलना करताना एक साधी रीत वापरतात: अमुक वस्तू मिळवण्यासाठी मजुराला किती तास राबावे लागत असे, ते काढतात. हीच रीत आपल्या घराला लावावी. मावशी कामाला लागल्या तेव्हाचा त्यांचा पगार आणि रोजचे कामाचे तास अण्णांना लिहून द्यावेत. त्या वेळी एक किलो तूरडाळ, एक गॅस सिलिंडर आणि त्यांच्या वस्तीतले एका खोलीचे भाडे यांसाठी किती तास लागत आणि आज किती लागतात, हा हिशेब अण्णांनाच करायला सांगावा. जुनी बिले जपून ठेवणाऱ्या माणसाला हे काम आवडेल. तास वाढलेले निघाले, तर पगार वाढलेला दिसत असूनही प्रत्यक्षात घटला आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. तास तेवढेच निघाले, तर नऊ वर्षांच्या अनुभवाचे आणि विश्वासाचे मोल शून्य धरले गेले आहे, हेही त्यांच्या ध्यानात येईल.

त्यांच्या पेन्शनचा विषय शेवटी आणि आदराने काढावा. निवृत्तिवेतनावरची महागाईवाढ वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, धरली जाते, आणि ती योग्यच आहे. ती देताना सरकार पेशव्यांच्या कारकुनाला महागाई भत्ता नव्हता, असे म्हणत नाही. आजच्या बाजारभावाकडे पाहते. मावशींसाठी तेच माप लावावे, एवढीच आपली विनंती आहे. हे त्यांना एकट्याला गाठून, चहाच्या वेळी सांगावे. मुलगा समोर असताना सांगू नये, कारण नातवापुढे माघार घेणे वडीलधाऱ्या माणसाला जड जाते. मुलालाही वेगळे बसवून सांगावे, की मावशींची बाजू घेण्यासाठी दुष्काळ आणि वेठ यांना सुखाचे दिवस म्हणण्याची गरज नाही, आणि आजोबांचा अपमान करण्याची तर मुळीच नाही. त्याच्या हातात करण्यासारखे काम आहे: स्वतःचे ताट घासावे, म्हणजे सुट्टीच्या दिवशी घर अडणार नाही.

मावशींशी बोलताना आढेवेढे नकोत. वाढ किती आणि कोणत्या महिन्यापासून, महिन्यातल्या दोन सुट्ट्या भरपगारी, आजारपणाचे खाडे कापायचे नाहीत, दिवाळीला एक पगार बोनस, आणि दरवर्षी ठरावीक महिन्यात भाव पाहून पगार वाढवायचा, असे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत त्यांना द्यावी. पुढल्या वर्षी त्यांना पुन्हा मागावे लागू नये, यासाठी शेवटचे कलम सर्वांत उपयोगाचे आहे. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ स्थापन झालेले आहे आणि 18 ते 60 वयाच्या घरकामगारांना त्यात नोंदणी करता येते. त्यांची नोंदणी झाली नसेल, तर आपल्याकडे काम करत असल्याचा दाखला लिहून द्यावा आणि अर्ज भरायला मुलाने बसावे. आसपासच्या घरांत किती देतात असे विचारून त्याच्या सरासरीवर थांबण्याचा मोह होईल. तसे करू नये, कारण सगळीच घरे एकमेकांकडे पाहून भाव खाली ठेवतात, हे मी अनेक पत्रांतून वाचत आलो आहे.

मावशींनी वाढ मागून महिना उलटला आहे. नवा पगार मागणी केली त्या महिन्यापासून धरावा आणि मागचा फरक येत्या पगाराबरोबरच द्यावा. फरक म्हणजे काय, हे अण्णांना चांगले ठाऊक आहे.